पथ्याची उमेदवारी



पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानडे ह्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि त्या एका दिव्यावरून गावोगावी दिवे लागले. आपली माला ही त्यांपैकीच एक होय. ह्या व्यासपीठावर इतिहास, वाङ्मय, अध्यात्म अशा भारदस्त विषयांचे जाणकार येऊन जातात. आम्ही मात्र आज बोलणार आहोत ते भाकरीविषयी, वरणाविषयी आणि मिठाच्या चिमटीविषयी. चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'आहारतज्ज्ञाची उमेदवारी' असे सांगितले. तेथे बसलेल्या एका गृहस्थांनी लगेच विचारले, "म्हणजे यंदा नगरपालिकेला उभे राहणार काय?" तेव्हा आरंभीच खुलासा केलेला बरा. ही उमेदवारी मतांची नव्हे. सुताराच्या हाताखाली पोरगा राहतो, नवा वकील जुन्या वकिलाची कागदपत्रे वाहतो, ती ही उमेदवारी. हल्ली तिला सर्वजण इंटर्नशिप म्हणतात. नाव बदलले तरी हाताखाली राहणे काही चुकलेले नाही.

हा विषय आम्ही का निवडला तेही सांगतो. गेल्या पावसाळ्याच्या तोंडी दारव्हा तालुक्यातील एक कास्तकार आपल्या मुलीला घेऊन आमच्याकडे आले. मुलगी गृहविज्ञानाची पदवी घेतलेली, हुशार, बोलण्यात नीटस. तिला पुढे आहारशास्त्राची पदव्युत्तर पदविका घ्यावयाची होती आणि त्यानंतर एखाद्या मोठ्या रुग्णालयात सहा महिने उमेदवारी करावयाची होती. वडिलांनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि दोन प्रश्न टाकले. पहिला असा: "स्वयंपाकच शिकायचा, तर तिची आई काय वाईट शिकवते?" दुसरा असा: "सहा महिने फुकट राबायचे, आणि वर राहण्याजेवणाचा खर्च आपणच करायचा, हा कोणत्या गावचा न्याय?" प्रश्न रागाने विचारलेले नव्हते. ज्याने त्या वर्षी कापसाचा आणि तुरीचा हिशेब दोनदा मांडून पाहिला होता, अशा बापाचे ते प्रश्न होते. त्या दिवशी आम्ही जे उत्तर दिले ते अपुरे होते. आज ते पुरे करण्याचा यत्न करावयाचा आहे.

पहिला प्रश्न आधी घेऊ. आहारतज्ज्ञ म्हणजे शिकलेली स्वयंपाकीण, अशी समजूत आपल्याकडे सुशिक्षितांतही आहे. आता आपल्या घरातील एक शहाणपण पाहा. पालेभाजी चिरून फार वेळ पाण्यात ठेवू नये, शिजवलेले पाणी ओतून देऊ नये, त्यात सत्त्व असते, असे आपली आई सांगते. आणि ते अगदी खरे आहे. परंतु ज्याचे मूत्रपिंड निकामी झाले आहे, जो आठवड्यातून दोनतीनदा डायलिसिसच्या यंत्राला लागतो, अशा माणसाच्या घरी नेमके उलटे करावे लागते. भाजी बारीक चिरावी, भरपूर पाण्यात उकळावी आणि ते पाणी फेकून द्यावे. कारण भाजीतील पोटॅशियम पाण्यात उतरते, आणि निरोगी माणूस जे पोटॅशियम लघवीवाटे सहज टाकून देतो ते ह्या रुग्णाच्या रक्तात साचून हृदयाचे ठोके थांबवू शकते. आपण आजाऱ्याला भेटावयास जाताना प्रेमाने नारळपाणी नेतो. ते प्रेम ह्या रुग्णाच्या जिवावर येते. म्हणजे घरी जे पुण्य तेच तिथे पाप ठरते. आई निरोग्यांसाठी रांधते, आणि तिच्याइतके चांगले कोणीही रांधणार नाही. पण कोणत्या रोगात तिचा कोणता गुण उलटतो, हे सांगणारे माणूस वेगळे लागते.

आपल्या वैद्यकात ह्याला 'पथ्य' असा सुंदर शब्द आहे. पथाला, म्हणजे वाटेला, धरून असते ते पथ्य. पथ्य म्हणजे नुसता नकार नव्हे. ती एक वाट आहे आणि वाट दाखवणाऱ्याने ती आधी स्वतः चालून पाहिली पाहिजे. हे चालून पाहणे म्हणजेच उमेदवारी.

ह्या विद्येचा आपल्या देशातील इतिहासही थोडक्यात पाहण्याजोगा आहे. १९१८ साली रॉबर्ट मॅकॅरिसन ह्यांनी निलगिरीतील कुन्नूर येथे बेरीबेरी ह्या रोगाच्या शोधासाठी एका खोलीत काम सुरू केले. त्यातून पोषण संशोधन प्रयोगशाळा वाढली, १९५८ साली ती हैदराबादेस गेली आणि १९६९ साली तिला राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव मिळाले. तेथील शास्त्रज्ञ गोपालन आणि श्रीकांतिया ह्यांनी १९६० साली ज्वारीवर राहणाऱ्या माणसांतील पेलाग्रा ह्या रोगाचा माग काढला. ज्वारीतील ल्यूसीन हे द्रव्य त्यामागे असावे, असा त्यांचा निष्कर्ष होता. आम्ही ज्वारीच्या मुलखातली माणसे. त्याचा अर्थ ज्वारी सोडा असा नाही. ज्वारीबरोबर डाळ, दूध, शेंगदाणे, हिरवी भाजी असू द्या, नुसत्या भाकरी-मिरचीवर दिवस काढू नका, एवढाच आहे.

ह्याच कुन्नूरच्या प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून काम केलेल्या एका मराठी बाईंची उमेदवारी आम्ही आमच्या विद्यार्थिनींना नेहमी सांगतो. त्या म्हणजे डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सकडे अर्ज केला. संस्थेचे प्रमुख होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. अर्ज नामंजूर झाला. गुण कमी होते म्हणून नव्हे, तर अर्जदार स्त्री होती म्हणून. कमलाबाई बंगलोरला गेल्या आणि रामन ह्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण अटीवर. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. काम पसंतीस उतरले तरच पुढे. एवढ्या गुणवंत मुलीला ही अट किती बोचली असेल! परंतु त्यांनी श्रीनिवासय्या ह्यांच्या हाताखाली ते वर्ष पुरे केले, दूध आणि कडधान्ये ह्यांतील प्रथिनांवर काम केले, आणि वर्षाअखेर संस्थेला आपले मत बदलावे लागले. त्यांच्या मागून इतर मुलींना तेथे प्रवेश मिळू लागला. १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन त्या परतल्या. पुढे मुंबईच्या विज्ञानसंस्थेत त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केले. अर्ज नाकारला गेला म्हणजे गोष्ट संपली, असे ज्या मुलीला वाटेल, तिने ही हकीकत लक्षात ठेवावी. त्या अटीत जो अन्याय होता तो अन्यायच होता, हेही आपण लक्षात ठेवावे.

आता अर्ज कसा करावा ह्याकडे वळू, कारण सभेत पालक पुष्कळ दिसत आहेत. इंडियन डाएटेटिक असोसिएशन ही आहारतज्ज्ञांची संघटना १९६३ साली स्थापन झाली. तिची परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास नोंदणीकृत आहारतज्ज्ञ म्हणतात. त्या परीक्षेला बसण्याआधी रुग्णालयातील उमेदवारी पुरी करावी लागते. २०२१ साली संसदेने सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यातही आहारतज्ज्ञाचा व्यवसाय नावानिशी घातलेला आहे. म्हणजे चार चोपडी वाचून कोणीही पाटी लावावी, असे दिवस सरत चालले आहेत. तेव्हा पहिली गोष्ट ही की, ज्या रुग्णालयात अर्ज करावयाचा तेथे नोंदणीकृत आहारतज्ज्ञ आहेत काय, आणि तेथील उमेदवारी परीक्षेसाठी धरली जाते काय, हे आधी लेखी विचारून घ्यावे. इमारत पाहून भुलू नये. आम्ही अशाही मुली पाहिल्या आहेत की ज्यांनी सहा महिने केवळ तक्ते छापून आणले आणि शेवटी ते प्रमाणपत्र चालत नाही असे कळले.

दुसरी गोष्ट, अर्ज तीनचार महिने आधी करावा. मोठ्या रुग्णालयांत एका वेळी थोड्याच उमेदवारांना घेतात. गुणपत्रिका, महाविद्यालयाचे पत्र, ओळखीचा पुरावा आणि बी प्रकारच्या काविळीची लस टोचल्याचा दाखला अशी कागदपत्रे जवळ तयार असावीत. तिसरी गोष्ट म्हणजे अर्जासोबतचे पत्र. ह्या पत्रात मुली लिहितात, 'मला लहानपणापासून आहारशास्त्राची अत्यंत आवड आहे.' लहानपणी कोणाला आहारशास्त्राची आवड असते हो? लहानपणी आवड असते ती गुळाच्या खड्याची. त्यापेक्षा तुम्ही काय केले आहे ते लिहा. एका मुलीने लिहिले होते की तिची आई अंगणवाडीत मदतनीस आहे, चाळीस मुलांची खिचडी ती आईबरोबर दोन वर्षे शिजवत होती आणि शेवटच्या मुलाच्या ताटात डाळ कमी पडते हे तिने पाहिले होते. पत्र पाऊण पानाचे होते. तिला बोलावणे आले. शेवटच्या ताटाकडे जिचे लक्ष जाते ती ह्या कामाची आहे, हे वाचणाऱ्याला आपोआप कळले.

मुलाखतीत फार अवघड विचारतात असे नाही. पण साधे विचारतात, आणि साधेच अवघड असते. 'तुमच्या घरी काल काय शिजले ते सांगा, आणि त्यातून मधुमेहाच्या रुग्णाचे एका दिवसाचे ताट मांडा,' असा प्रश्न आम्ही स्वतः अनेकदा विचारला आहे. पुष्कळशा मुली घरचे ताट बाजूला सारतात आणि पुस्तकातले ताट मांडू लागतात. ही चूक किती महाग पडते, हे आम्हांला ठाऊक आहे, कारण ती आम्ही स्वतः केलेली आहे. ती हकीकत पुढे येईलच.

उमेदवारीचे महिने कसे जातात ते आता ऐका. आरंभ मुदपाकखान्यात होतो. पहाटे साडेपाचला हजर व्हावयाचे. कोठीतून धान्य, डाळ, तेल वजन करून द्यावयाचे, दूध तपासावयाचे, भाजी निवडणाऱ्या बायांबरोबर बसावयाचे. शंभर माणसांच्या वरणाला डाळ किती, हे पुस्तकात असते. पण त्या दिवशीची डाळ जुनी निघाली तर ती शिजावयास किती वेळ लागेल, हे मावशींना माहीत असते. पदवीचा ताठा उतरतो तो येथे. मग ताटे. साधा आहार, मऊ आहार, पातळ आहार, मधुमेहाचा, बिनमिठाचा, मूत्रपिंडाचा. प्रत्येक ताटावर चिठ्ठी, चिठ्ठीवर खाटेचा क्रमांक. दुपारी खाट बदलली आणि चिठ्ठी बदलली नाही, तर बिनमिठाचे ताट धडधाकट माणसापुढे जाते आणि त्याची शिव्यांची लाखोली आपल्याला मिळते. हे हसण्यावारी जाते. उलट झाले तर हसण्यावारी जात नाही.

नंतर कक्ष बदलत जातात. शस्त्रक्रियेच्या कक्षात जखम भरावयास प्रथिने किती लागतील ह्याचा हिशेब. अतिदक्षता कक्षात नाकातून घातलेल्या नळीवाटे आहार. तो किती पातळ, किती वेळाने, रुग्णाचे डोके उंच आहे की नाही. कारण सपाट निजलेल्या माणसाचा आहार फुप्फुसात गेला तर आपण पोषणाच्या नावाने न्यूमोनिया दिला असे होईल. रोज संध्याकाळी दैनंदिनी भरावयाची, वरिष्ठांची सही घ्यावयाची, आणि काही रुग्णांचा समग्र वृत्तान्त तयार करून सर्वांसमोर मांडावयाचा. निरोगी प्रौढाला शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, हा भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचा २०२० सालचा आकडा पाठ असून भागत नाही. तो आकडा एका माणसाच्या वाटीत उतरवता आला पाहिजे.

आता आमची हकीकत. तिला चाळीस वर्षे होत आली. परगावच्या एका मोठ्या रुग्णालयात आम्ही उमेदवारी करीत होतो. तिसरा महिना होता आणि आपल्याला सर्व येते असे वाटण्याचा तो काळ असतो. बाह्यरुग्ण विभागात एक साठीचे गृहस्थ आले. धोतर, टोपी, पायांना काळ्या मातीच्या भेगा. मधुमेह नव्याने निघाला होता. पत्ता पाहिला तो आमच्याच जिल्ह्यातला, घाटंजीकडचा. आम्हांला आनंद झाला. पण रांग मोठी होती, आणि छापील तक्ता हाताशी होता. त्यात पाव, उकडलेले अंडे, साय काढलेले दूध, सफरचंद, कोशिंबीर असे सर्व नीटनेटके लिहिलेले होते. आम्ही तक्त्यावर त्यांचे नाव घातले, भाकर, भात आणि गूळ ह्यांवर काट मारली, आणि 'बाबा, ह्याप्रमाणे करा,' असे सांगून कागद त्यांच्या हाती दिला. कालपासून आपण काय काय खाल्ले, एवढा एक प्रश्न आम्ही विचारला नाही.

अठरा दिवसांनी त्यांना बेशुद्ध स्थितीत आणले. अंग घामाने निथळलेले, रक्तातील साखर धोक्याच्या खाली गेलेली. शिरेतून साखर दिली तेव्हा बऱ्याच वेळाने ते डोळे उघडून पाहू लागले. डॉक्टरांनी दिलेली साखर उतरवणारी गोळी त्यांनी नेमाने घेतली होती आणि जेवण जवळजवळ बंद केले होते. आमचा तक्ता टोपीत घडी करून ठेवलेला होता. आम्ही खाटेशी गेलो तेव्हा ते आमच्यावर रागावले नाहीत. म्हणाले, "तुमी लिवून देल्लं तसंच केलं जी. भाकर सोडली, भात सोडला. त्या कागदावरचं आमच्या गावात काईच भेटत नाई. अन् जे भेटते थे तुमी खोडून टाकलं."

श्रोतेहो, आम्ही त्याच मातीतले. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, तुरीचे वरण, जवसाची चटणी हे आमचेही जेवण. तरी शिकलेपणाच्या भरात आम्ही एका माणसाच्या पुढ्यातली भाकर काढून घेतली आणि तेथे काहीच ठेवले नाही. आमच्या वरिष्ठ बाईंनी आम्हांला रागे भरले नाही. त्यांनी आमची उमेदवारी एक महिन्याने वाढवली, आणि सांगितले की हे बाबा घरी जाईपर्यंत दोन्ही वेळा त्यांच्या जेवणाशेजारी बसावयाचे. आम्ही बसलो. पहिल्या दिवशी मान वर करता आली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच सांगावयास सुरुवात केली. त्यांची सून भाकर केवढी थापते, वावरात शिदोरी किती वाजता सोडतात, चहात गूळ किती पडतो, पेरणीच्या दिवसांत रात्रीचे जेवण कसे चुकते, हे सर्व. त्या बोलण्यातून नवा तक्ता तयार झाला. त्यात भाकर होती, पण मोजलेली. वरण घट्ट, भाजी दुप्पट, गूळ बंद, शिदोरी वेळेवर, आणि जेवण चुकले तर गोळीचे काय करावयाचे ते डॉक्टरांना विचारून मोठ्या अक्षरांत लिहिलेले. पुढच्या खेपेस त्यांची साखर आटोक्यात होती. मग आमच्या दैनंदिनीवर शेवटची सही झाली.

त्या कास्तकाराचा 'सहा महिने कशाला' हा प्रश्न ज्याला पडतो, त्याला आमच्याजवळ हेच उत्तर आहे. ही चूक वर्गात होत नाही, म्हणून वर्गात ती कळतही नाही. ती माणसाच्या शेजारीच कळते, आणि शेजारी जाणता वरिष्ठ असला तरच माणूस वाचतो. पाठीशी कोणी नसताना पहिली चूक करावयाची, की कोणी असताना, एवढाच प्रश्न आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. मधुमेह हा शहरी श्रीमंतांचा रोग ही समजूत जुनी झाली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज निघाला, आणि त्याच्या उंबरठ्यावर असलेले १३.६ कोटी. दुसऱ्या टोकाला कुपोषित बालके आहेत. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरांहून कमी भरला तर ते तीव्र कुपोषित समजतात. अशा मुलाला पोटभर पुरणपोळी खाऊ घालावी असे आपल्या मायेला वाटते. ती माया घातक आहे. त्याचे शरीर एकदम आलेले जड अन्न पेलू शकत नाही. त्यात जे आजारी असते किंवा ज्याची भूक मेलेली असते, त्याला रुग्णालयात प्रथम १०० मिलिलिटरमध्ये ७५ उष्मांक असलेले दूधमिश्रण थोडे थोडे, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा देतात, आणि भूक परतल्यावर १०० उष्मांकांचे. रात्री दोन वाजता त्या वाटीकडे लक्ष देणारे माणूस लागते. तिसरी गोष्ट सिकलसेलची. आपल्या विदर्भात, विशेषतः आदिवासी वस्त्यांत, हा रक्ताचा आनुवंशिक विकार आहे आणि २०२३ साली केंद्र सरकारने त्याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली. रक्त कमी दिसले की लोहाची गोळी, हा सरसकट नियम येथे लागू नाही. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या अंगात लोह आधीच साचलेले असू शकते, तेव्हा तपासल्याशिवाय ते देऊ नये. पाणी मात्र भरपूर हवे, कारण अंगातले पाणी आटले की वेदनांचा झटका येतो. आणि यवतमाळच्या वैशाखात पाणी आटावयास कितीसा वेळ लागतो!

पांढरकवडा, झरी जामणी, मारेगाव ह्या बाजूच्या कोलाम आणि गोंड वस्त्यांत छापील तक्ता घेऊन जाणाऱ्या माणसाचा काहीच उपयोग नाही. तेथे मोहाची फुले, रानभाज्या, कंद ह्यांची जाण हवी. राज्य शासनाने २०१५ साली आदिवासी भागातील गरोदर आणि स्तनदा मातांसाठी अमृत आहार योजना सुरू केली. त्या ताटात काय पडते आणि ते तिच्या पोटात खरोखर जाते की घरी मुलांत वाटले जाते, हे पाहण्यास तिची बोली जाणणारी मुलगी पाहिजे. वर्धा नदीच्या पलीकडे, सेवाग्रामला गांधीजी १९३६ पासून राहिले, आणि खेड्यात मिळणाऱ्या वस्तूंतूनच खेड्याचे पोषण झाले पाहिजे, हा विचार त्या परिसरात रुजला. तो विचार नदी ओलांडून इकडे यावयास आणखी किती वर्षे घ्यावीत?

आता दुसरा प्रश्न, पैशाचा. येथे आम्ही त्या कास्तकाराच्या बाजूचे आहोत. उमेदवारांना पुष्कळ ठिकाणी विद्यावेतन मिळत नाही, उलट काही ठिकाणी शुल्क द्यावे लागते. मोठ्या शहरात खोली, खानावळ, प्रवास. ज्याच्या घरी दर महिन्याला पगार येतो त्याची मुलगी ही वाट चालून जाते. ज्याचा पैसा वर्षातून एकदा, कापूस विकल्यावर येतो, त्याची मुलगी मागे राहते. परिणाम असा की ज्यांना सफरचंद माहीत आहे त्याच तज्ज्ञ होतात, आणि ज्यांना अंबाडी माहीत आहे त्या होत नाहीत. मग आमच्यासारखे तक्ते छापले जातात. हा केवळ एका मुलीवरचा अन्याय नाही. घाटंजीकडून येणाऱ्या प्रत्येक रुग्णावरचा तो अन्याय आहे.

म्हणून आपणांकडे तीन मागण्या. आपल्या शहरात १९८९ साली वैद्यकीय महाविद्यालय आले. ज्येष्ठ डॉक्टरांना आमची विनंती अशी की, जिल्ह्यातील मुलींना जिल्ह्यातच जाणत्या आहारतज्ज्ञांच्या हाताखाली उमेदवारी करता यावी, ह्यासाठी आपले वजन खर्ची घालावे. शहरातील सधन कुटुंबांना आणि मंडळांना विनंती अशी की, दरवर्षी एका मुलीच्या सहा महिन्यांच्या खोलीचा आणि जेवणाचा भार उचलावा. गणपतीच्या मांडवात जेवढे जाते त्याच्या एका कोपऱ्यात हे बसते. तिसरी मागणी घरोघरची आहे आणि तिला पैसा लागत नाही. उद्या सकाळी भाकरी थापण्यापूर्वी एका भाकरीचे पीठ तराजूत घालून पाहा. आम्ही एका घरी ती ४० ग्रॅमची पाहिली आहे, दुसऱ्या घरी १०० ग्रॅमची. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ३३० उष्मांक असतात. डॉक्टर 'दोन भाकरी खा' म्हणतात तेव्हा कोणाच्या घरची भाकर, हे त्यांना ठाऊक नसते. ते ठाऊक करून देणे आपल्या हाती आहे.

ती दारव्ह्याची मुलगी काय करते, असे आपण विचाराल. पदविकेचे वर्ष तिने पुरे केले. उमेदवारीचे पत्र मागच्या महिन्यात आले. वडील परवा येऊन गेले. अर्ध्या खर्चाची सोय झाली आहे, अर्ध्याची व्हावयाची आहे. जाताना त्यांनी तिसराच प्रश्न विचारला: "ती शिकून परत आली, तर तिला बसायला इथे खुर्ची आहे काय?" आम्ही त्यांना सांगितले की ह्याचे उत्तर आमच्या एकट्याजवळ नाही, व्याख्यानमालेच्या सभेत विचारून सांगतो. तो प्रश्न आम्ही आज आपल्यापुढे ठेवला आहे.